वेबपानाची उलटी बाजू

संपादकांचा फोन आला, “काकू, ह्या अंकात पाककृती नको. तुम्ही इतकी वर्षे वेबसाइटची कामे केलीत, त्याबद्दल लिहा. पण आमच्या आईला कळेल असे लिहा.” अट अवघड होती. म्हणून सुरुवात संगणकापासून न करता पैठणीपासून करते.

माझी आई पैठणी घ्यायला बसली की आधी पदर उलटा करून बघायची. दुकानदार समोरची बाजू दाखवत असायचा आणि हिची नजर मागच्या बाजूवर. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबत असतात. “पुढून सगळ्याच छान दिसतात गं,” असे ती म्हणे.

वेबपानालाही अशीच उलटी बाजू असते. आपल्याला दिसतात अक्षरे, चित्रे, बटणे. त्यामागे असतो साधा मजकूर: हे शीर्षक ठळक दाखव, येथे चित्र लाव, हे बटण दाबले की अमुक कर. ती उलटी बाजू बघण्याची सोय कोणी दिली, ती बघायची हत्यारे कशी घडत गेली आणि माझ्यासारख्या बाईचे आयुष्य त्यामुळे कसे बदलले, ह्याची ही हकीकत.

आपल्या सेंट लुइसहून उत्तर-पूर्वेला गाडीने तीन तासांवर अर्बाना-शॅम्पेन आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले तिथल्या विद्यापीठात शिकली. त्या विद्यापीठातल्या एनसीएसए ह्या संस्थेत १९९३ साली मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना ह्यांनी ‘मोझेक’ नावाचा ब्राउझर तयार केला. वेबची मूळ कल्पना टिम बर्नर्स-ली ह्यांची, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतली, १९८९ सालची. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे तंत्र सर्वांना मोफत खुले केले. मोझेकमुळे चित्रे आणि मजकूर एकाच पानावर दिसू लागले आणि सामान्य माणूस वेबकडे वळला.

मोझेकच्या मेनूत एक साधी ओळ होती: ‘व्ह्यू सोर्स’. ती निवडली की समोरचे पान ज्या मजकुरापासून बनले तो जसाच्या तसा दिसे. विकत घेतलेले इतर सॉफ्टवेअर कुलूपबंद पेटीसारखे येई. आत काय आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. इथे मात्र कोणीही कोणाचेही पान उलटून पाहावे, शिकावे आणि आपले पान बनवावे. अँड्रीसन आणि जिम क्लार्क ह्यांनी १९९४ साली नेटस्केप कंपनी काढली. तिच्या ब्राउझरमध्येही ही सोय राहिली, पुढे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्येही आली.

मी इथे आले ती १९९८ च्या सप्टेंबरात. दोन बॅगा, एक कुकर, गोड्या मसाल्याचा डबा आणि सांगलीच्या कॉलेजची बी.ए.ची पदवी. ‘ह्यांना’ वाय-टू-के चे काम होते. सन २००० उजाडले की जुने संगणक दोन आकडी सालामुळे घोटाळा करतील, ही भीती तेव्हा जगभर होती आणि तिच्या जोरावर आपल्यातली किती घरे इथे आली हे मी सांगायला नको. माझा व्हिसा एच-४, म्हणजे नोकरी करायची नाही. हे सकाळी सातला जात आणि रात्री सातला येत. गाडी एकच आणि ती ह्यांच्याकडे. खिडकीतून पार्किंग लॉट दिसे आणि हिवाळ्यात तोही दिसेनासा होई. ज्या बायकांनी ते दिवस काढले त्यांना अधिक सांगायची गरज नाही.

पण नोकरीला बंदी होती, शिकण्याला नव्हती. घरात एक जुना संगणक होता आणि कर्कश आवाज करत जोडला जाणारा मोडेम. तेवढ्यात मंडळाच्या त्यावेळच्या कार्यकारिणीला वाटले की आपले एक वेबपान हवे. सभेत कोणीतरी म्हणाले, “वहिनी दिवसभर घरीच असतात.” ते वाक्य मला तेव्हा फार लागले होते. आज त्या गृहस्थांचे आभार मानते.

मी वर्गाला गेले नाही. मोफत जागा देणाऱ्या जिओसिटीजवर खाते उघडले आणि दुसऱ्यांची पाने उलटून पाहू लागले. एखादा रंग आवडला की व्ह्यू सोर्स. दोन रकाने कसे केले? व्ह्यू सोर्स. सांगलीला शेजारच्या काकूंकडून लोकरीचा टाका जसा शिकले, विणलेले बघून आणि उसवून, तसेच हे शिकले. पान मराठी करायचे तर त्यावेळी मोठीच पंचाईत होती. म्हणून मथळे हाताने लिहायचे, स्कॅन करायचे आणि चित्रे म्हणून चिकटवायचे.

मग १९९९ चा गणेशोत्सव आला. कार्यक्रमपत्रिका वेबपानावर टाकली, माझ्या संगणकावर छान दिसली, मी सर्वांना ई-मेल धाडली. संध्याकाळी फोन खणखणू लागले. निम्म्या घरांत पान दिसत होते, निम्म्या घरांत नुसता पांढरा पडदा. हे म्हणाले, “काही बाबतीत गणपतीबाप्पाची इच्छा.” मी चिडले.

दोन रात्री शोधत होते. शेवटी एकच उपाय सुचला: पानाचा निम्मा मजकूर काढायचा, बघायचे, दोष राहिला तर उरलेल्याचा निम्मा काढायचा. असे करत करत कळले की तक्ता सुरू करण्याची खूण मी दिली होती, तो संपल्याची खूण द्यायला विसरले होते. इंटरनेट एक्सप्लोरर मोठ्या मनाचा, तो चूक पोटात घालून तक्ता दाखवी. नेटस्केप काटेकोर, खूण मिळेपर्यंत थांबे आणि काहीच दाखवत नसे. माझ्याकडे एक्सप्लोरर होता, म्हणून माझी चूक मलाच दिसत नव्हती.

अशा दोषाला संगणकवाले ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात आणि तो शोधून काढण्याला ‘डीबगिंग’. ह्यामागची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ ह्या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तो तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटपट्टीने लावला आणि ‘खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ’ अशा अर्थाची नोंद केली. ग्रेस हॉपर ह्या बाईंनी ती गोष्ट पुढे जगभर सांगितली. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. शब्द मात्र त्याहून जुना, एडिसनच्या काळापासूनचा. ‘खराखुरा’ ह्या शब्दातली गंमत त्यामुळेच.

पुढे काम आणखी अवघड झाले. नेटस्केपमधल्या ब्रेंडन आइक ह्यांनी १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत एक भाषा रचली. तिचे नाव अखेर जावास्क्रिप्ट पडले. तोवर वेबपान छापील कागदासारखे स्थिर होते, आता ते हालचाल करू लागले. पण ते अडले तर का अडले हे सांगणारे कोणी नव्हते. एक्सप्लोररच्या तळाशी एक पिवळा त्रिकोण येई आणि अमुक ओळीत चूक आहे म्हणे. त्या ओळीत पुष्कळदा चूक नसेच. नेटस्केपमध्ये पत्त्याच्या जागी ‘जावास्क्रिप्ट’ आणि विसर्गचिन्ह लिहिले की चुकांची यादी उघडे, पण हे ठाऊक असणारे थोडे. बहुतेकांचे हत्यार एकच: ‘अलर्ट’. म्हणजे आपणच मध्येमध्ये लिहून ठेवायचे, ‘इथपर्यंत आलो’, ‘आता इथे आलो’. पडद्यावर एकेक चौकट येई, ती बंद करत जायचे आणि जिथे चौकटी थांबतील तिथे दोष. अंधारात भिंत चाचपत चालण्यासारखेच होते ते.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट ब्राउझरला येऊन चिकटली: प्लगइन. नेटस्केपच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ही सोय होती. ब्राउझरला जे येत नाही ते बाहेरच्या कंपनीचा छोटा प्रोग्राम जोडून करून घ्यायचे. रिअल-ऑडिओ आठवते का? रात्री उशिरा अडखळत वाजणारी हिंदी-मराठी गाणी आपण त्यावरच ऐकली. हलत्या चित्रांसाठी मॅक्रोमीडियाचे फ्लॅश आले. मात्र प्लगइनच्या आत काय चालले आहे हे व्ह्यू सोर्समध्ये दिसत नसे. उघड्या पानात एक कुलूपबंद पेटी ठेवावी तसे ते. शिवाय ह्या पेट्यांतून चोर शिरू लागले, म्हणजे सुरक्षेतल्या उणिवा वारंवार निघू लागल्या. हळूहळू ब्राउझरांनी गाणी आणि चित्रफिती स्वतःच वाजवायला शिकून घेतले, क्रोमने २०१५ साली जुन्या पद्धतीचे प्लगइन बंद केले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचाही शेवट झाला. त्यात बनवलेली पुष्कळशी पाने आता उघडत नाहीत. त्याच काळातली साधी पाने मात्र आजही उघडतात. जिओसिटीजही २००९ साली बंद झाले. आपल्या पहिल्या पानाचा मजकूर मी एका फ्लॉपीवर उतरवून ठेवला होता म्हणून वाचला.

मधल्या काळात नेटस्केप एक्सप्लोररपुढे हरला. पण हरण्यापूर्वी त्याने एक मोठे काम केले: ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचा आतला मजकूर जगाला मोफत दिला. ब्राउझरचाच पदर उलटा करून दाखवला म्हणा ना. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि त्यातून डेव्ह हायट, जो हेविट, ब्लेक रॉस अशा तरुणांनी एक सुटसुटीत ब्राउझर काढला. आधी फिनिक्स, मग फायरबर्ड, शेवटी फायरफॉक्स, १.० आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ ची.

फायरफॉक्सला ‘एक्स्टेन्शन’ जोडता येत. नाव प्लगइनसारखेच वाटले तरी प्रकार वेगळा. प्लगइन पानातला एक तुकडा चालवते; एक्स्टेन्शन खुद्द ब्राउझरला नवे काम शिकवते, आणि ते कोणाही घरबसल्या माणसाला लिहिता येते. आपल्या मराठीलाही त्याचा उपयोग झाला. त्या वर्षांत भारतीय भाषांतली वर्तमानपत्रे आपापल्या खास फॉन्टमध्ये छापत. तो फॉन्ट नसला की बातमीऐवजी भलतीच रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत. ‘पद्मा’ नावाचे एक एक्स्टेन्शन तसा मजकूर युनिकोडमध्ये पालटून दाखवी. आधी तेलुगूसाठी, मग इतर भारतीय लिप्यांसाठी.

पान बनवणाऱ्यांना २००३ साली क्रिस पेडरिक ह्यांचे ‘वेब डेव्हलपर’ मिळाले. एक पट्टी, तिच्यावरून पानाचे रंगरूप काढून टाकता येई, चित्रे लपवता येत, प्रत्येक चौकटीभोवती रेघ ओढता येई. आणि २००६ च्या जानेवारीत जो हेविट ह्यांनी ‘फायरबग’ दिले, तेही फुकट.

फायरबगने काय केले ते सांगते. व्ह्यू सोर्समध्ये सर्व्हरकडून आलेला मूळ मजकूर दिसे, पण पान उघडल्यावर जावास्क्रिप्टने त्यात जे फेरफार केले ते दिसत नसत. जीमेल २००४ चे, गूगल मॅप्स २००५ चे. तेव्हापासून पाने पडद्यावर आल्यानंतरच स्वतःला घडवू लागली होती. फायरबग त्या क्षणी पान जसे आहे तसे दाखवी. पानावरच्या कशावरही बाण न्या, त्यामागचा मजकूर उजळे. रंग तिथल्या तिथे बदलून बघा. जावास्क्रिप्ट हव्या त्या ओळीवर थांबवा आणि कुठल्या डब्यात काय आहे ते पाहा. कोणती फाइल यायला किती वेळ लागला तेही पाहा. अलर्टच्या चौकटी संपल्या. स्टीव्ह सॉडर्स ह्यांनी याहूमध्ये २००७ साली फायरबगलाच जोडून ‘वायस्लो’ बनवले; पान हळू का उघडते ते सांगणारे.

ते वर्ष माझ्याही आयुष्यात मोठे. आमचे ग्रीन कार्ड २००५ च्या शेवटी आले आणि २००६ साली मला पहिली नोकरी लागली, इथल्याच एका लहान कंपनीत. माझ्या अर्जावर मराठी विषयाची पदवी आणि मंडळाचे वेबपान, एवढेच. सगळे माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात एका फॉर्मवरचे बटण दाबले जात नव्हते. दिसत होते पण दाबले जात नव्हते. दोघे जण दुपारपासून अलर्ट टाकत बसले होते. मी नुकतेच घरी फायरबग बघितले होते. बटणावर बाण नेला, तर उजळली ती दुसरीच चौकट. एक रिकामी, पारदर्शक चौकट काचेसारखी बटणावर पसरली होती. बोट काचेवर पडत होते. तिची उंची कमी केली आणि बटण चालू. पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या दिवसापासून कोणी माझी पदवी विचारली नाही.

हे माझे कौतुक म्हणून सांगत नाही. माझ्याकडे दाखवण्यासारखा दाखला नव्हता, होता तो फक्त उलटून बघण्याचा सराव. ही सोय आणि ही हत्यारे विकत मिळत असती, किंवा पदवीवाल्यांनाच मिळत असती, तर मी त्या खुर्चीवर बसले नसते. एच-४ वरच्या काही जोडीदारांना २०१५ सालापासून कामाचा परवाना मिळू लागला. त्याआधीची सगळी वर्षे घरात बसून शिकणाऱ्या बायकांना हेच एक दार उघडे होते.

फायरबगचे पुढे काय झाले? हेविट दुसऱ्या कामाकडे वळले, मग आयबीएमचे जॉन बार्टन, जान ओद्वार्को वगैरे मंडळींनी ते चालवले. पण तोवर सगळ्यांनीच ही हत्यारे ब्राउझरच्या आत बसवायला घेतली होती. सफारीत वेब इन्स्पेक्टर होता, ऑपेराने २००८ साली ‘ड्रॅगनफ्लाय’ दिले, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात क्रोम आला तो हत्यारे घेऊनच, आणि २००९ च्या एक्सप्लोरर-८ मध्ये एफ-१२ हे बटण दाबले की ती उघडू लागली. शेवटी फायरफॉक्सनेही आपली हत्यारे बनवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स-५७ आले, जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने त्यात चालेनाशी झाली आणि फायरबगचे आयुष्य संपले. खाणावळ बंद झाली, पण तिथली आमटी घरोघरी शिजू लागली, असे झाले.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे संगणकवाल्यांचे, आपल्याला काय त्याचे, असे कोणाला वाटत असेल तर आपल्याच राज्यातली गोष्ट आठवा. ऑक्टोबर २०२१ मध्ये सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅचच्या एका वार्ताहराला दिसले की मिसुरीच्या शिक्षण खात्याच्या वेबपानामागच्या मजकुरात शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी नंबर आहेत, थोड्या खटपटीने वाचता येतील अशा रूपात. लाखाहून अधिक नंबर धोक्यात असावेत असा त्या वर्तमानपत्राचा अंदाज होता. त्यांनी आधी खात्याला कळवले, ते पान काढले जाईपर्यंत बातमी रोखून धरली आणि मग छापली. त्यावर गव्हर्नर माइक पार्सन ह्यांनी १४ ऑक्टोबरला पत्रकार परिषद घेऊन त्या वार्ताहराला ‘हॅकर’ ठरवले आणि खटल्याची भाषा केली. चौकशी चालली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल काउंटीच्या सरकारी वकिलांनी खटला भरणार नसल्याचे जाहीर केले.

चार महिने एका माणसाच्या डोक्यावर तलवार टांगती राहिली, ती कशासाठी? सरकारने त्याच्या ब्राउझरकडे स्वतःहून पाठवलेल्या पानाची उलटी बाजू त्याने पाहिली म्हणून. आपल्यातल्या काही जणी मिसुरीच्या शाळांत शिकवतात. त्यांचे नंबर वाचवले ते उलटून पाहणाऱ्याने. ज्यांनी ते तिथे ठेवले होते त्यांच्या लक्षात काही आले नव्हते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हीच हत्यारे वापरून फसवणारेही आहेत. “एफ-१२ दाबा आणि हे आम्ही दिलेले अक्षरे तिथे चिकटवा, बक्षीस मिळेल,” असे कोणी सांगितले तर मुळीच करू नका. तुमचे खाते त्यांच्या हातात जाते. म्हणूनच फेसबुक तिथे मोठ्या अक्षरांत ‘थांबा’ अशी सूचना दाखवू लागले. बघावे हवे तेवढे, दुसऱ्याने दिलेले चिकटवू मात्र नये.

आणि एक खंत. हल्लीच्या पानांचा मजकूर वेळ वाचवण्यासाठी दाबून एका ओळीत कोंबलेला असतो, यंत्राला वाचता येतो, माणसाला कष्टाने. मुले तर सगळे फोनवरच बघतात आणि फोनवरच्या ब्राउझरात ही हत्यारे नसतात. त्यासाठी तो संगणकाला जोडावा लागतो. ॲपचा पदर तर सहज उलटून पाहताच येत नाही. माझ्या नातवाला मी मंडळाचे पान लॅपटॉपवर उघडून एफ-१२ दाबून दाखवले. मंडळाच्या नावाच्या जागी त्याने स्वतःचे नाव लिहिले. डोळे विस्फारले त्याचे. “आजी, आता सगळ्यांना माझं नाव दिसणार?” म्हटले, नाही रे, फक्त तुझ्याच पडद्यावर, पान पुन्हा उघडलेस की जाईल. तो हिरमुसला, पण मग तासभर उठला नाही.

कार्यकारिणीने परवानगी दिली तर येत्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला जेवणानंतर अर्धा तास मी लॅपटॉप घेऊन बसेन. मुलांना पाठवा. आयांनीही यावे, विशेषतः ज्या नुकत्या आल्या आहेत आणि दिवसभर घरी असतात त्यांनी. १९९९ ची फ्लॉपीही आणते. ती वाचणारे यंत्र कोणाच्या तळघरात असेल तर कृपया कळवावे.